भुसावळची पोरं हॉकी खेळायला नेदरलँड्सला: पालक (आणि त्यांचे शेजारीसुद्धा) वारंवार विचारतात ते प्रश्न

२०२४ च्या मे महिन्यात आपल्या क्लबची पहिली बॅच नेदरलँड्सला जाऊन आली, आता २०२६ च्या मे मध्ये दुसरी निघायचीये, आणि गेल्या पंधरा दिवसांत मला इतके फोन आलेत की घरचे म्हणाले एकदाचं लिहूनच टाका. म्हणून हे लिहिलंय. मी कोच नाही, मी मॅनेजर, म्हणजे पासपोर्ट गोळा करणारा, बॅगा मोजणारा आणि दोन्हीकडून बोलणी खाणारा. खेळाबद्दल जे आहे ते आमच्या कोचना विचारून लिहिलंय, बाकी सगळा अनुभव माझा.

ही हॉकी म्हणजे ती बर्फावरची का?

नाही हो. आपलीच, ध्यानचंदांची. मागच्या वेळी एका आजोबांनी नातवाला लोकरीचे तीन स्वेटर दिले होते बर्फावर पडेल म्हणून. एक स्वेटर कामी आला, ते पुढे सांगतो.

नेदरलँड्सच का? मलेशिया जवळ पडलं असतं, स्वस्तही.

खरंय, स्वस्त पडलं असतं. पण २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पुरुषांचं आणि महिलांचं दोन्ही गोल्ड नेदरलँड्सने नेलं, आणि हा देश आकाराने महाराष्ट्राच्या सातव्या-आठव्या हिश्श्याएवढा. टोकियोत आपल्या मुलींना चौथ्या नंबरपर्यंत नेणारे कोच शोर्ड मरिन तेही डचच. तिकडे साध्या गावाच्या क्लबातही दोन-तीन टर्फ (कृत्रिम गवताची मैदानं) असतात, शनिवारी सकाळी आठ वर्षांच्या पोरांपासून ते पन्नाशीच्या काकांपर्यंत सगळे तिथेच. हे पोरांना डोळ्यांनी दाखवायचं होतं, टीव्हीवर ते दिसत नाही, टीव्हीवर फक्त फायनल दिसते.

दुसरं म्हणजे तिकडचे क्लब बाहेरच्या टीमला बोलावतात, मे महिन्यात त्यांचा सीझन संपत आलेला असतो आणि पोरांच्या स्पर्धा सुरू असतात, त्यात जागा मिळते. आपलं पत्र तीन क्लबांना गेलं होतं, एकाने उत्तर दिलं, तेवढं पुरलं.

ऑगस्ट २०२६ मध्ये वर्ल्ड कप तिकडेच आहे, मग तेव्हाच का नाही जात?

हा प्रश्न सगळ्यात जास्त आलाय, आणि चांगला आहे. वर्ल्ड कप नेदरलँड्स आणि बेल्जियम मिळून घेतायत, अ‍ॅम्स्टेलवीन आणि वावर या दोन गावांत, पुरुष आणि महिला दोघांचा एकाच वेळी. मलाही जायचंय. पण ऑगस्टमध्ये आपल्याकडे शाळा जोरात, तिकडे उन्हाळी सुट्टी, म्हणजे क्लबातली माणसं कॅम्पिंगला गेलेली आणि त्यांची लीग सुरू होणार सप्टेंबरात. मग आपण नुसतं बघून येणार, खेळणार कोणाशी? आणि वर्ल्ड कपच्या दिवसांत तिकिटं नि हॉटेलं काय भावाने जातील ते तुम्हीच हिशोब करा. ज्यांना स्वतःच्या खर्चाने फॅमिलीला घेऊन जायचंय त्यांनी जरूर जावं, आणि जमलं तर माझ्यासाठी एक झेंडा घेऊन या.

आपली पोरं जिंकतील का?

नाही. म्हणजे एखादी जिंकतील. मागच्या वेळी पाच मॅच खेळलो, चार हरलो, एक बरोबरीत. पहिली मॅच ०-७. हे मी लपवत नाही कारण मागच्या वेळी लपवलं होतं, व्हॉट्सअॅप ग्रुपवर मी नुसतं "पोरं छान खेळली" असं टाकलं आणि मग एका पोराने घरी फोनवर खरा स्कोअर सांगितला, त्यानंतर ग्रुपवर जे झालं ते असो.

का हरलो ते समजून घ्या. आपण खेळतो मुरुमावर. मुरुमावर बॉल कुठे उडी मारेल याचा भरोसा नाही म्हणून पोरांना सवय लागलेली असते की बॉल जवळ येईपर्यंत थांबायचं, अंग मागे ठेवायचं, स्टिक उभी धरायची. तिकडे पाण्याचं टर्फ. मॅचच्या आधी मैदानाच्या कडेने बसवलेल्या तोफांमधून पाणी उडायला लागलं तर आपली अर्धी टीम पळाली, एकाला वाटलं पाईप फुटला, तो बिचारा नळ बंद करायला माणूस शोधत निघाला. पाणी कशासाठी, तर ओल्या टर्फवर बॉल अडकत नाही, सरळ आणि सुसाट जातो, आणि पोरगं घसरलं तर गुडघ्याची सालटी निघत नाहीत. (सगळीकडे पाण्याचंच असतं असंही नाही, काही मैदानं वाळू भरलेली असतात, तिथे जरा बरं वाटतं आपल्याला.) त्या पहिल्या क्वार्टरमध्ये आपला फुलबॅक (गोलसमोर बचावाला असतो तो) बॉलची वाट बघत उभा आणि बॉल त्याच्या पायाजवळून कधीच मागे गेलेला. तो वळून बघतो तर आपली गोलकीपर (हो, मुलगी, ते पुढे सांगतो) बॉल जाळ्यातून काढतेय. असं चारदा झालं. पंधरा मिनिटांत चार.

तिसऱ्या मॅचपर्यंत तोच पोरगा वाकायला लागला, स्टिक जमिनीला आडवी टेकवायला लागला, बॉलकडे दोन पावलं पुढे जायला लागला. हे त्याला कोच दोन वर्षं सांगत होते. बरोबरीत सुटली ती हीच मॅच, १-१, आणि शेवटच्या मिनिटाला बॉल अडवला तो यानेच. आता विचारा जिंकलो का.

मग आधी टर्फवर प्रॅक्टिस का नाही देत?

देणार आहोत. मागच्या वेळी ही चूक आपलीच झाली. यंदा जानेवारीपासून चार शनिवार-रविवार पुण्याला, बालेवाडी नाहीतर पिंपरीचं ध्यानचंद स्टेडियम, जिथे वेळ मिळेल तिथे. शुक्रवारी रात्रीच्या गाडीने जायचं, रविवारी रात्री परत, सोमवारी शाळेत पोरगं झोपलं तर सरांना आमचं नाव सांगा.

तिकडे मॅच बघायला नेता म्हणजे नेमकं काय? पोरं तर मोबाईलच बघतील.

मोबाईल हॉटेलवर. हा आमचा नियम आहे आणि यावर वाद घालायचा नाही.

बघणं हा या ट्रिपचा अर्धा भाग आहे, काही जणांसाठी अर्ध्यापेक्षा जास्त. कोचनी प्रत्येकाला एक-एक खेळाडू वाटून दिला होता, ज्याची जी जागा त्या जागेचा, आणि एका अख्ख्या क्वार्टरमध्ये फक्त त्याच्याकडेच बघायचं, बॉल कुठेही असो. वहीत मैदानाचं चित्र आणि पेन्सिलीने तो कुठे-कुठे पळाला त्याची रेघ. पहिल्यांदा पोरं वैतागली, बॉल बघायचा नाही तर मॅच कशाला बघायची. मग आपल्या लेफ्ट हाफने हळूच येऊन सांगितलं की सर, याच्याकडे बॉल चारदाच आला पण हा एक मिनिट उभा नाही राहिला, सारखा मान वळवून मागे बघत होता. ती वही त्याने अजून ठेवलीय, चहा सांडलेली.

आम्ही त्यांच्या वरच्या लीगच्या दोन मॅच बघितल्या. स्टेडियम म्हणजे वानखेडे डोळ्यांसमोर आणू नका, एका बाजूला गॅलरी, बाकी लोक कठड्याला टेकून उभे, पोरं थेट कठड्यावर, आणि मॅच संपली की घामाघूम खेळाडू त्या पोरांमध्ये येऊन उभे. ऑलिंपिक खेळलेला माणूस आपल्या पोराच्या स्टिकवर सही करत होता आणि विचारत होता कुठून आलात. पोरगा म्हणे भुसावळ. तो म्हणे मुंबईजवळ का? पोरगा म्हणे हो. साडेचारशे किलोमीटर, पण असू दे.

एक गोष्ट मला स्वतःला बघायला आवडली ती सांगतो. पोरांच्या मॅचला अंपायर म्हणून त्यांचे आईबापच शिट्टी घेऊन उभे असतात, आणि जरा मोठ्या पोरांना स्वतःला अंपायरिंगची परीक्षा पास व्हावी लागते. कोणी बाप बाहेरून ओरडत नाही की अंपायर विकला गेला म्हणून, कारण पुढच्या मॅचला शिट्टी त्याच्याच गळ्यात पडणार असते. आपल्याकडे दर रविवारी मैदानाच्या कडेने जो आरडाओरडा चालतो तो करणाऱ्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा, नावं घेत नाही.

खर्च किती?

एका पोरामागे एक लाख साठ हजाराच्या घरात, यात विमान, व्हिसा, इन्शुरन्स, भुसावळ ते मुंबई, तिकडचा प्रवास, स्पर्धेची फी आणि पुण्याचे चार कॅम्प आले. विमानाचं तिकीट वर-खाली झालं तर हा आकडा हलेल. हप्ते पाडून दिलेत. मे महिन्याचं तिकीट जितकं आधी काढाल तितकं बरं, म्हणून दुसरा हप्ता दिवाळीनंतर लगेच मागतोय, त्यात माझा काही फायदा नाही, मी पण माझं तिकीट स्वतःच काढतो.

ज्याला झेपत नाही त्याचं काय?

त्याने फक्त मला एकट्याला सांगावं. ग्रुपवर नाही, मीटिंगमध्ये नाही. मागच्या वेळी सोळापैकी पाच पोरांचा खर्च गावातल्या लोकांनी उचलला, कोण कोण ते पोरांना माहीत नाही आणि टीममध्येही कोणाला माहीत नाही. सिलेक्शन आधी, पैशाचं बोलणं नंतर, हा क्रम उलटा होणार नाही. यावल-रावेरकडच्या पाड्यांवरून आलेली पोरं आपल्या टीमचा कणा आहेत, ती नसतील तर टीमच नाही, मग नेदरलँड्सला काय टुलिप बघायला जायचं? ते तर मे पर्यंत संपतात पण.

पासपोर्ट नाहीये. किती वेळ लागतो?

आजच अर्ज करा. अठराच्या आतल्या मुलाचा पासपोर्ट सहसा पाच वर्षांचा किंवा तो अठरा वर्षांचा होईपर्यंतचा, जे आधी येईल ते. आईबाप दोघांची संमती लागते, तो फॉर्म भरून सही करायचा. पोस्टातल्या पासपोर्ट केंद्रावर काम होतं. नावाचं स्पेलिंग आधारवर, जन्मदाखल्यावर आणि शाळेच्या दाखल्यावर एकच आहे का ते आधी बघा, निम्मी कामं इथेच अडकतात, एका पोराचं आडनाव तीन कागदांवर तीन प्रकारे होतं आणि तिघेही बाबू म्हणत होते आमचंच बरोबर.

पासपोर्ट जुना असेल तर तो परत यायच्या तारखेनंतर निदान तीन महिने चालू राहिला पाहिजे आणि दोन पानं कोरी पाहिजेत.

व्हिसाचं काय, मुंबईला किती चकरा?

एक चक्कर, सगळ्यांची एकत्र, बोटांचे ठसे द्यायला जावंच लागतं (बारा वर्षांखालच्यांना ठसे नाहीत, पण आपल्यात तेवढं लहान कोणी नाही). हा शेंगेन व्हिसा, म्हणजे एकाच व्हिसावर बेल्जियम-जर्मनीलाही जाता येतं. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, निदान पंधरा दिवस आधी केलाच पाहिजे, पण पंधरा दिवसांच्या भरवशावर राहणारा माणूस मी नाही, आपण फेब्रुवारीत देणार.

फी बारा वर्षांपासून पुढे ९० युरो, वर सेंटरचा सर्व्हिस चार्ज वेगळा. आता एक कामाची गोष्ट. शेंगेनच्या नियमात असं आहे की ना-नफा संस्थेने भरवलेल्या खेळाच्या कार्यक्रमाला ना-नफा संस्थेचे प्रतिनिधी म्हणून जाणाऱ्या पंचवीस वर्षांपर्यंतच्या मुलांना व्हिसा फी माफ असते. आपला क्लब रजिस्टर्ड संस्था, तिकडचाही तसाच, त्यामुळे दोघांची पत्रं आणि रजिस्ट्रेशन लावून आपण माफी मागणार. मिळाली तर तेवढे पैसे परत, नाही मिळाली तर धरून चाला. सर्व्हिस चार्ज मात्र द्यावाच लागतो.

इन्शुरन्स कमीत कमी ३०,००० युरोचा लागतो, तो क्लब काढतो, खेळताना झालेली दुखापत त्यात धरलेली पाहिजे हे बघूनच काढतो. कारण साध्या ट्रॅव्हल इन्शुरन्समध्ये बऱ्याचदा खेळ वगळलेला असतो, बारीक अक्षरात.

आमची शेती आहे, सॅलरी स्लिप कुठून आणू?

नका आणू. सातबारा, केळीची नाहीतर कापसाची विक्री दाखवणाऱ्या पट्ट्या, बँकेचं स्टेटमेंट, आणि असेल तर इन्कम टॅक्सचं रिटर्न. मागच्या वेळी एका आबांच्या खात्यात दहा महिने चार-पाच हजार आणि मग केळीचे पैसे एकदम आले, तर ते म्हणाले हे बघून साहेबाला वाटेल कुठून आणले. आम्ही एका पानावर साध्या भाषेत लिहून दिलं की हे पीक या महिन्यात कापतात आणि पैसे असे एकदम येतात, सोबत पट्टी लावली. व्हिसा आला. व्हिसाच्या आठ दिवस आधी उसने पैसे आणून खात्यात भरू नका फक्त, ते लगेच दिसतं.

आईबाप दोघांचं संमतीपत्र नोटरी करून पाहिजे. बाप बाहेरगावी कामाला असेल तर आत्ताच सांगा, ऐन वेळी नाही.

हॉकी स्टिक विमानात नेता येते का?

हातात नाही, चेक-इन बॅगेतच. हो, शस्त्र समजतात, आणि खरं सांगू तर आपल्या काही पोरांच्या हातात ती असतेच. लांब स्टिक बॅग चारजणांत एक करतो. गोलकीपरचं किट म्हणजे एक अख्खी बॅग, त्याचं वजन सगळ्यांनी वाटून घ्यायचं, तिच्या एकटीच्या माथी मारायचं नाही. पॉवर बँक उलट, ती हातातल्या बॅगेतच, चेक-इनमध्ये चालत नाही.

नवीन स्टिक घ्यायची घाई नको, जालंधरची साधी चांगली स्टिक पुरे आहे. पण शिन गार्ड (नडगीला बांधायचे) आणि माउथ गार्ड तिकडे सक्तीचे, नसेल तर अंपायर मैदानात येऊ देत नाही. माउथ गार्ड गरम पाण्यात टाकून दातांवर बसवायचा असतो, तो आत्ताच बसवून घ्या आणि प्रॅक्टिसला वापरा, नाहीतर पोरं तो काढून मोज्यात खोचतात. शूज बारीक रबरी गोट्यांचे, लोखंडी स्पाइक चालत नाहीत.

खायचं काय? आमचा पोरगा शुद्ध शाकाहारी.

सगळ्यात लांब उत्तर याचंच, कारण सगळ्यात जास्त रडारड इथेच होते.

आधी काय न्यायचं नाही ते. बाहेरून युरोपात मांस आणि दुधाचे पदार्थ न्यायला बंदी आहे. म्हणजे तूप नाही, पेढे नाही, खव्याचं काही नाही. एका माऊलीने तुपाची बरणी स्वेटरात गुंडाळून दिली होती (हाच तो कामी आलेला स्वेटर), विमानतळावर बॅग उघडली आणि त्या माणसाने बरणी शांतपणे डब्यात टाकली. पोरगा रडला नाही, मला रडू आलं, घरचं तूप होतं.

ताजी फळं-भाज्या पण सर्टिफिकेटशिवाय नेता येत नाहीत, पण पाच फळांना सूट आहे: अननस, नारळ, ड्युरियन, खजूर आणि केळी. आपली केळी! आंबा अडतो, पेरू अडतो, केळं जातं. हे जेव्हा मला कळलं तेव्हा मी खरंच दोन मिनिटं खुर्चीत बसून हसलो. तरी फणीच्या फणी भरू नका, बॅगेत लगदा होतो, विमानात खायला दोन-दोन पुरे.

बिबडे (ज्वारीचे पापड), शेव, केळीचे वेफर्स, शेंगदाण्याची चटणी, कोरडा ठेचा हे बिनधास्त. ठेच्याचा डबा तीन पिशव्यांत. मागच्या वेळी एकाच्या सगळ्या जर्सींना लसणाचा वास लागला आणि समोरच्या टीमचा पोरगा मार्किंग करताना जरा लांबूनच करत होता, तो आपला डावपेच नव्हता.

तिकडचं जेवण असं की सकाळी ब्रेड, दुपारी ब्रेड, संध्याकाळी सहाला गरम जेवण. सकाळच्या ब्रेडला लोणी लावून त्यावर चॉकलेटची बारीक दाणी पेरतात, मोठी माणसंसुद्धा. आपल्या पोरांना वाटलं चेष्टा करतायत. मग ज्या घरी आपले दोघे राहायला होते तिथे एकाने त्याच ब्रेडवर रतलामी शेव पेरली, त्या घरातल्या लहान पोराने ती मागितली, आणि निघायच्या दिवशी त्या घरच्या बाईंनी मला विचारलं की हे पिवळं काय आहे आणि कुठे मिळतं. शेवभाजीचं मी सांगत बसलो नाही, विमान चुकलं असतं.

शाकाहारींनी एक लक्षात ठेवा, क्लब हाउसमध्ये मॅचनंतर गरम गोल तळलेले वडे येतात, दिसायला बटाटेवड्याचे भाऊ, पण आत मटणासारखं असतं. विचारल्याशिवाय तोंडात टाकायचं नाही. बटाट्याचे लांब तुकडे तळून मेयोनीजसोबत मिळतात ते चालतात, मेयोनीजमध्ये अंडं असतं, ज्याला चालत नाही त्याने केचप. आणि तिकडे सुरिनामी (सुरिनाम म्हणजे दक्षिण अमेरिकेतला देश) लोकांची रोटीची दुकानं आहेत. ही माणसं मूळची आपल्या बिहार-उत्तर प्रदेशची, १८७३ पासून त्यांच्या पणजोबांना मजूर म्हणून कलकत्त्याहून बोटीने सुरिनामला नेलं, तेव्हा ती डच कॉलनी, मग तिथून पुढच्या पिढ्या नेदरलँड्सला आल्या. त्या दुकानात रोटी, बटाटा, वालासारख्या शेंगा. काउंटरवरच्या आजी भोजपुरीसारखं काहीतरी बोलल्या, आपला एक पोरगा अहिराणीत बोलला, दोघांना एकमेकांचं अर्धं कळलं. त्या दिवशी जरा शांतता झाली पोटात.

राहणार कुठे?

पहिले चार दिवस क्लबातल्या घरी, दोघे-दोघे, नंतर होस्टेल. दोघांत एकजण तरी तोडकंमोडकं इंग्रजी बोलणारा. संडासात पाण्याची सोय नसते, एक छोटा मग बॅगेत टाका, हे मीटिंगमध्ये विचारायला सगळे लाजतात म्हणून इथे लिहितोय.

मुलींना एवढ्या लांब पाठवायचं म्हणजे...

म्हणजे काय? यंदा मुलींची वेगळी टीम जातेय, सोबत दोन बाया आहेत, एक कोच, एक आमच्या फिजिओ ताई. मागच्या वेळी मुलांच्या टीमला गोलकीपर नव्हता म्हणून मुलगी नेली होती, तिकडच्या स्पर्धेवाल्यांना विचारून, आणि सगळ्यात जास्त टाळ्या तिलाच पडल्या. ०-७ ची १-१ झाली त्यात तिचा वाटा मोठा. तिच्या आजीने निघताना मला बाजूला घेऊन म्हटलं होतं, "भाऊ, पोरले संभाळजो." परत आल्यावर पोरीनेच मला संभाळलं असं मी आजीला सांगितलं, माझा पासपोर्ट मी ट्रेनमध्ये विसरलो होतो आणि तिने उचलून आणला.

थंडी?

आपल्याकडे मे मध्ये पारा ४५ ला टेकतो, तिकडे सकाळी आठ-दहा डिग्री, दुपारी पंधरा-अठरा, आणि वारा. पाऊस कधीही येतो, मॅच थांबत नाही. पातळ रेनकोट आणि आतून घालायचा फुल बाह्यांचा टीशर्ट, बस. तीन स्वेटर नकोत. रात्री साडेनऊ वाजेपर्यंत उजेड असतो म्हणून पोरं झोपत नाहीत, ती अडचण थंडीपेक्षा मोठी.

फोन कधी करायचा?

तिकडचं घड्याळ मे मध्ये साडेतीन तास मागे. रात्री तुमच्या साडेदहाला तिकडे सात, तेव्हा पंधरा मिनिटं मोबाईल मिळेल. त्याशिवाय काही झालंच तर मी फोन करेन. मी फोन केला नाही म्हणजे सगळं ठीक आहे.

हातखर्चाला किती द्यायचे?

शंभर युरो खूप झाले, तेही कार्डावर. तिकडे कित्येक दुकानं रोख घेतच नाहीत, ट्राममध्येही कार्डच टेकवायचं, चढताना आणि उतरताना दोन्हीदा. उतरताना विसरलं की पैसे जास्त कापतात, आपल्या एकाने तीनदा विसरून दाखवलं. प्यायचं पाणी विकत घेऊ नका, नळाचं पितात. आणि लाल रंगाचा रस्ता सायकलींचा, त्यावर उभं राहून सेल्फी काढायचा नाही, तिकडच्या बाया सायकलवरून थांबत नाहीत.

फिरायला काय दाखवणार?

पवनचक्की दिसेल, कालवे दिसतील, त्याची काळजी नको. पण दोन जागा मी सोडणार नाही. एक अ‍ॅम्स्टेलवीनचं वागेनर स्टेडियम, जिथे १९७३ च्या वर्ल्ड कपची फायनल आपण २-२ वरून पेनल्टी स्ट्रोकवर ४-२ हरलो. आणि दुसरं अ‍ॅमस्टरडॅमचं जुनं ऑलिंपिक स्टेडियम, विटांचं, अजून उभं आहे. १९२८ मध्ये तिथे आपण हॉकीचं पहिलं गोल्ड जिंकलं, फायनलला याच डच लोकांना ३-० हरवून, अख्ख्या स्पर्धेत २९ गोल केले आणि एकही खाल्ला नाही, त्यातले १४ ध्यानचंदांचे. कॅप्टन होते जयपाल सिंग मुंडा, आत्ताच्या झारखंडचे, आदिवासी. फायनलला ते नव्हते, त्याआधीच टीम सोडून गेले होते, पण कॅप्टन तेच. पुढे संविधान सभेत बसून त्यांनी आदिवासींसाठी भांडण केलं.

हे मी तिथे उभं राहून सांगत होतो तर बाकीची पोरं कबुतरं बघत होती. पाड्यावरचा एक पोरगा, पावरा आदिवासी समाजाचा, एरवी दिवसभरात दहा शब्द बोलणारा, त्याने विचारलं, "सर, ते आमच्यासारखे होते?" मी म्हटलं हो. त्याने परत काही विचारलं नाही. पण बाहेर येऊन सगळ्यांनी फोटो काढले तेव्हा तो त्या भिंतीला हात लावून उभा राहिला, फोटोत त्याचा हात आलाय, तोंड नाही.

आजारी पडला, लागलं तर?

फिजिओ ताई सोबत, इन्शुरन्स आहे, तिकडचा इमर्जन्सी नंबर ११२. रोजची काही औषधं असतील तर डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसोबत मूळ पाकिटातच द्या, पुड्या बांधून नको. पोराला दमा आहे, फिट येते, काही आहे, ते लपवू नका, त्यावरून कोणाला टीममधून काढणार नाही.

आम्ही पण सोबत आलो तर?

या. पण वेगळ्या हॉटेलात, आणि मॅचच्या वेळी कठड्यापलीकडे, मोबाईलवरून कोचिंग करायचं नाही.

स्टेशनवर सोडायला किती जणांनी यावं?

१९२८ ची ती टीम मुंबईहून बोटीने निघाली तेव्हा निरोप द्यायला म्हणे तीनच माणसं होती. मागच्या वेळी भुसावळच्या प्लॅटफॉर्मवर आपले दीडशेच्या वर, एक बँड, आणि गाडी निघाली तेव्हा डब्यात चार मामा नि एक आत्या राहून गेल्या, त्यांना नाशिकरोडला उतरवावं लागलं. म्हणून यंदा एका पोरामागे दोघे. हार स्टेशनच्या बाहेर घाला, डब्यात फुलं सांडली की साफ मीच करतो. बॅगेला लाल रिबीन बांधा, पासपोर्ट माझ्याकडे आदल्या दिवशी संध्याकाळी सहापर्यंत.

बँडवाल्यांना मी सांगितलेलं नाही. ते आले तर आले.